उजवा हातमोजा

सरांच्या उजव्या हातात हातमोजा नसे. कारखान्यात हे सर्वांना माहीत होते आणि कुठेही लिहिलेले नव्हते.

कारखाना म्हणजे आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या लिक्सलिपच्या बाहेर, औद्योगिक वसाहतीतली एक दुमजली शेड. शेजारी टाइल्सचे गोदाम, समोर जिम. आम्ही चौदा माणसे उपग्रहांसाठी ॲल्युमिनियमच्या पट्टीची रिळे बनवत होतो. पट्टी दोन बोटे रुंद, केसाहून पातळ आणि पाचशे मीटर लांब. कक्षेत पोहोचल्यावर रीळ उलगडायचे आणि पट्टी उपग्रहापासून दूर ताणली जायची. धातूची तार चुंबकीय क्षेत्रातून वेगाने गेली की तिच्यात वीज निर्माण होते. सायकलच्या डायनॅमोचे तत्त्व तेच, इथे चुंबकाच्या जागी आख्खा ग्रह.

मी त्याआधी पुण्यात एका दैनिकात अकरा वर्षे उपसंपादक होते. नवऱ्याला संगणकाच्या चिपच्या कारखान्यात नोकरी मिळाली म्हणून इकडे आले. या शेडमध्ये मला काम मिळाले ते कार्यपद्धती आणि चाचण्यांचे अहवाल लिहिण्याचे. सर तपासणी विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या सहीशिवाय एकही रीळ दाराबाहेर जात नसे. मी त्यांना सर म्हणत असे. ते मला पत्रकार म्हणत.

“काय पत्रकार, काय छापून राहिली आज?” ही त्यांची रोजची सलामी.

ते मूळचे नागपूरचे. वडिलांचे इतवारीत मोटर वाइंडिंगचे दुकान होते. जळालेल्या मोटारी यायच्या, जुनी तार काढून नवी गुंडाळायची. तांब्याच्या तारेवर इनॅमलचा पातळ थर असतो. त्याला कुठे चरा गेला असेल तर मोटर पुन्हा जळते. वडिलांनी आठव्या वर्षी त्यांच्या हातात तार दिली आणि ती अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून ओढायला लावली. चरा बोटाला लागतो. डोळ्याला दिसायच्या आधी लागतो.

“डोळा फसतो, मीटर फसतो,” ते म्हणत, “अंगठा नाही फसत. अन् मोजा असतो बहिरा.”

काचेच्या ज्या धूळमुक्त खोलीत पट्टी गुंडाळली जायची, तिथे नखशिखांत पांढरा पोशाख, टोपी, मुखपट्टी आणि दोन्ही हातांत मोजे सक्तीचे होते. दर पन्नास मीटरला ते यंत्र थांबवायला सांगत, उघड्या उजव्या हाताने पट्टी चिमटीत धरून हातभर सरकवत आणि मान हलवत. मग यंत्र पुन्हा सुरू होई. यंत्र चालवणारी मॉरा याच गावची, पन्नाशीची. चिपच्या कारखान्यात वीस वर्षे काढून आलेली. तिने एकदा स्वयंपाकघरातले वरचे प्रेस, म्हणजे भिंतीतले कपाट, चहापत्तीसाठी उघडले आणि तिच्या डोक्यावर हातमोजे कोसळले. सगळे उजव्या हाताचे. मोजे जोडीने बंद पाकिटात येत. डावा वापरून झाला की फेकला जाई, उजवा न वापरलेला फेकणे त्यांना जमत नसे.

“या माणसाला एक हात कमी आहे की मला एक कपाट?” मॉराने विचारले.

“चांगले आहेत ते,” सर म्हणाले. “नवेच आहेत.”

मॉरा त्यांच्या पाठीमागे त्यांचा उल्लेख 'तो अंगठेवाला' असा करी. तोंडावरही करी. ती कोणत्याही प्रश्नाला 'ग्रँड' असे उत्तर देई. इथे तो शब्द 'ठीक आहे'पासून 'विषय संपवा'पर्यंत कशालाही चालतो. सरांना तो सहन होत नसे. “ताण किती आहे विचारलं मी. ग्रँड हे माप नाही.” मग मॉरा आकडा सांगे, दोन दशांश स्थळांपर्यंत, मुद्दाम सावकाश.

सर जवळच्या ॲडम्सटाउनला एकटे राहत. मुलगी मेलबर्नला, पत्नी हयात नव्हती. तिथल्या मराठी मंडळींच्या दिवाळीला त्यांना एकदा मुलांसाठी दहा मिनिटे बोलायला सांगितले होते. त्यांनी टेबलावर पंचवीस पणत्या लावल्या, सभागृहातले दिवे घालवले आणि काही न बोलता एकेक पणती फुंकायला सुरुवात केली. सहाव्या-सातव्या पणतीला कुजबुज सुरू झाली. साताऱ्याहून लेकीकडे आलेल्या एक आजी उठून उभ्या राहिल्या.

“अहो, दिवाळीत दिवे मालवताय? घरी कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?”

“दोन मिनिटं, आई.”

“दोन मिनिटं कसली! बंद करा ती फुंकाफुंकी!”

त्यांनी चोवीस पणत्या मालवल्याच. उरलेल्या एकीकडे बोट दाखवून म्हणाले, “गुरू ग्रहापाशी सूर्य एवढाच पोहोचतो. एवढ्या उजेडावर यान चालवायचं आहे. सांगा कसं चालवणार?” एक मुलगा डब्लिनी उच्चारात म्हणाला, “मोठी बॅटरी?” आजींनी पुढे येऊन त्या एका पणतीवरून चोवीस पुन्हा लावल्या, त्यांच्याकडे न पाहता. पुढच्या वर्षी त्यांना बोलावणे आले नाही. त्याचे त्यांना वाईट वाटल्याचे मला दिसले नाही. उत्तर सांगायचे राहून गेले, याचे मात्र वाटले होते.

उत्तर त्यांनी नंतर मला सांगितले, आणि पुढे अनेकदा. गुरूचे चुंबकीय क्षेत्र अवाढव्य आहे आणि ते ग्रहाबरोबर दहा तासांत एक फेरी मारते. पृथ्वीभोवती फिरणारी तार वीज देते, पण त्या बदल्यात यान हळूहळू खाली येते. गुरूपाशी एका ठरावीक अंतराबाहेर उलटे होते. तिथे यान हळू आणि क्षेत्र वेगवान. क्षेत्र मागून येऊन तारेला पुढे ढकलते. वीजही मिळते आणि रेटाही. दोन्हींची किंमत ग्रह आपल्या फिरण्यातून चुकवतो.

“वाहत्या नदीत पाणचक्की टाकून बसायचं, बाप्पा. इंधन नको, मोठाले सौरपंख नकोत. फक्त तार उलगडली पाहिजे.” शेवटच्या वाक्यावर ते थांबत. गुरू या शब्दावरचे विनोद त्यांना चालत नसत.

आमचे पाचशे मीटरचे रीळ पृथ्वीभोवतीच फिरणार होते. पण ते उलगडले आणि त्यातून वीज वाहिली, तरच पुढे कोणी काही किलोमीटरच्या पट्टीला पैसे देणार होते. न उलगडल्यास कंपनी बंद होणार होती. संचालकांनी हे एका सोमवारी सर्वांना उभे करून सांगितले होते. सर तेव्हा बासष्ट वर्षांचे होते. दुसरी संधी येण्याइतकी वर्षे हाताशी नाहीत, हे सांगायची गरज नव्हती.

मी लिहिलेल्या कार्यपद्धतीच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होते: 'दर पन्नास मीटरला तपासनीस उजव्या हाताच्या उघड्या अंगठ्याने पट्टी तपासतात.' त्यांनी ते लाल पेनने खोडले.

“का, सर? तुम्ही करताच ना?”

“मी करतो. माझा अंगठा चोपन्न वर्षांचा आहे या कामात. उद्या कोणी वाचून नक्कल करेल, तर?”

मी ते काढले. त्या जागी 'संपूर्ण प्रक्रियेत दोन्ही हातांत मोजे घालावेत' हे वाक्य राहिले. जे पाहिले ते बातमीत जाते, एवढे मला अकरा वर्षांत शिकवले गेले होते. तरीही मी ते काढले.

रिळे दोन होती. एक अंतराळात जाणारे आणि एक जोडरीळ. दोन्ही एकाच पंधरवड्यात, त्याच यंत्रावर, त्याच माणसांनी गुंडाळलेली. जोडरीळ सहा महिने साठवून मग उलगडून पाहायचे होते. ते उलगडले तर खरे रीळही उलगडेल, असा हिशेब. खऱ्या रिळाला हात लावायचा नव्हता. ते पेटीत बंद होते आणि पेटी अकरा दिवसांनी ट्रकने जाणार होती.

चाचणी मंगळवारी सकाळी झाली. अंतराळात पट्टीला ओढणारा जोर अगदी थोडा असतो, एखाद्या मुंगीने धागा ओढावा तसा. चाचणीतही तेवढाच जोर लावला होता. पट्टी सुटत गेली. थोड्या वेळाने पडद्यावरच्या ताण दाखवणाऱ्या सरळ रेषेने एक टोक काढले. पट्टी अडखळली होती आणि सुटली होती. काही वेळाने पुन्हा तसेच. तिसऱ्या वेळी रेषा वर गेली आणि वरच राहिली. रीळ थांबले. एक वेढा खालच्या वेढ्याला चिकटला होता.

मॉराने मुखपट्टी खाली ओढली आणि पुन्हा वर केली.

दुपारपर्यंत संचालकांनी कारण काढले होते. साठवणीतला दमटपणा, आणि गुंडाळताना दिलेला जास्त ताण. ताण म्हणजे मॉरा. तीन वाजता बैठक होती. “माझ्या ताणाच्या नोंदी ग्रँड आहेत,” ती मला म्हणाली. या खेपेस तिने आकडा सांगितला नाही.

मला बैठकीसाठी एक तक्ता करायचा होता. यंत्राने अडखळण्याच्या वेळा सेकंदांत नोंदवल्या होत्या. अहवालात सेकंद चालत नाहीत, मीटर लिहायचे, हा नियम सरांनीच घातलेला. मी वेगाने गुणून रूपांतर केले. पहिला अडथळा पन्नास मीटरला. दुसरा शंभर मीटरला. थांबणे दीडशे मीटरला.

मी पुन्हा गुणून पाहिले. तेच आले.

वृत्तपत्रात आम्हाला पहिल्या वर्षी एक गोष्ट शिकवतात. आकडा गोल असेल तर त्यामागे माणूस असतो. पूर, आग, अपघात गोल आकड्यांत होत नाहीत. दमटपणाही होत नसावा.

सर स्वयंपाकघरात कपात टी-बॅग बुडवत उभे होते. मी तक्ता त्यांच्यासमोर ओट्यावर ठेवला. अडीच वाजले होते.

त्यांनी तो वाचला. मग उजवा हात कपावरून काढून घेतला आणि अंगठ्याकडे पाहिले.

“हे कोणाला दाखवलं?”

“कोणालाच नाही.”

“तांब्यावर इनॅमल असतं,” ते म्हणाले. “ही पट्टी उघडी आहे. घामात मीठ. दोन वेढ्यांमध्ये दाबलेलं. सहा महिने, अन् ही इथली हवा.” टी-बॅग कपातच राहिली होती, चहा काळा झाला होता. “बाबांनी तांब्यासाठी शिकवलं होतं मला. मी ॲल्युमिनियमला लावलं.”

“खऱ्या रिळावरही?”

“दहा ठिकाणी.”

बाहेर पार्किंगमध्ये कोणीतरी गाडी लावत होते. मी विचारले, “सर, आता काय?”

“तुझं ते वाक्य कुठे आहे? खोडलेलं?”

“पहिल्या मसुद्यात. फाइल आहे.”

“काढून आण. मी खोडलं, तू खोडू दिलं. दोघांनीही चूक केली. पण तीनच्या बैठकीत ती मॉराच्या नावावर जाऊन राहिली आहे.”

बैठकीत त्यांनी उभे राहून चार मिनिटे सांगितले. तक्ता दाखवला, मसुदा दाखवला. मग हात वर करून अंगठा दाखवला. मॉरा टेबलाकडे पाहत होती. संचालक सौम्य गृहस्थ होते. ते आधी पाणी प्यायले.

“जोडरीळ चिकटले म्हणजे खरे चिकटेलच असे नाही,” ते म्हणाले. “उलगडून, पुसून, पुन्हा गुंडाळायला दोन आठवडे लागतात. ट्रक अकरा दिवसांनी आहे. चुकला तर रॉकेटवरची जागा दुसऱ्याला जाईल. मग आपण संपलो. तुम्ही शंभर टक्के सांगू शकता, की ते चिकटले आहे?”

“नाही.”

“मग?”

“सही मात्र करणार नाही.”

हा हट्ट होता की प्रामाणिकपणा, यावर त्या खोलीत त्या क्षणी एकमत झाले नसते. त्यांची सही नसेल तर सगळ्यांची नोकरी जाणार होती. असेल तर कदाचित जाणार नव्हती.

मॉरा बोलली. “दोन आठवडे कशाने लागतात, माहीत आहे ना? दर पन्नास मीटरला आपण थांबतो, याच्यासाठी.” तिने सरांकडे मान वळवली. “थांबले की ताण पुन्हा बसवावा लागतो. एका थांब्याला अर्धा दिवस जातो. थांबे काढा. मी नऊ दिवसांत देते.”

“आणि चरे?” सर म्हणाले. “चरे कोण पाहणार?”

“कॅमेरा. आणि माझे डोळे.”

सर खाली बसले.

पुढचे नऊ दिवस ते काचेच्या बाहेर उभे राहिले. आत जायचे नाही, हा नियम त्यांनीच स्वतःला घातला आणि मला लेखी घ्यायला लावला. दोन्ही हात खिशात. आत मॉरा पट्टी उलगडत होती, पुसत होती, कॅमेऱ्याखालून सरकवत होती. पहिला चिकटलेला वेढा कुठे सापडला, ते तिने आतून बोटांनी दाखवले: पाच, शून्य. खरे रीळही चिकटले होते. संचालक त्या वेळी काचेपाशीच होते. ते जिना चढून गेले.

गुंडाळणी सुरू झाल्यावर यंत्र कुठे थांबले नाही. प्रत्येक पन्नासाव्या मीटरला सरांच्या उजव्या खिशातले कापड किंचित हलायचे. मी ते पाहिले. लिहिले नाही, ते कार्यपद्धतीत येत नव्हते.

दहाव्या दिवशी त्यांनी सही केली. अहवालात संचालकांना 'हाताळणीतील दूषितीकरण' असे शब्द हवे होते. सरांनी ते खोडून वर लिहिले: 'कारण: तपासणी-प्रमुखाचा उघडा अंगठा.' खाली पूर्ण नाव. या वेळी मी एक अक्षरही बदलले नाही.

कक्षेतल्या उपग्रहाला रीळ उलगडण्याचा आदेश जायला पुढे सहा महिने लागले. सकाळचे दहा वाजून गेले होते. आम्ही सगळे स्वयंपाकघरात पडद्यासमोर होतो. उपग्रह ग्राउंड स्टेशनच्या टप्प्यात मोजकी मिनिटे असतो, तेवढ्यात जे कळेल ते. मॉरा आकडे मोठ्याने वाचत होती. वीस. पस्तीस. अठ्ठेचाळीस. मग तिने श्वास घेतला तो सगळ्यांना ऐकू आला. त्रेपन्न. शंभर गेले. दीडशे गेले. दोनशे दहाला पडदा स्थिर झाला. उपग्रह क्षितिजाखाली गेला होता. पुढचा टप्पा दीड तासाने.

“चल, पत्रकार,” सर म्हणाले.

आम्ही कालव्याच्या काठाने चालत गेलो. ढग खाली होते, पाणी हलत नव्हते. एक बदक आमच्याबरोबर पोहत येत होते. सर म्हणाले, “गुरूचं यान आज ठरलं तरी बांधायला दहा वर्षं. जायला सहा. मी अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीचा. तेव्हा अंगठा काय, मीच असेन की नाही सांगता येत नाही.”

“मग आज एवढे घाबरलात का?”

“आत्ता अडीचशेला असेल ते,” ते म्हणाले. “तिथे माझा हात लागला होता. मॉराने पुसला की नाही, मला हाताने पाहता आलं नाही.” थोड्या वेळाने म्हणाले, “आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या डोळ्यावर सही केली मी.”

परतलो तेव्हा आठ मिनिटे बाकी होती. कोणी खुर्चीवर बसले नव्हते. पडदा जागा झाला. मॉराने आकडा पाहिला आणि लगेच वाचला नाही. ती सरांकडे वळली.

“पाचशे,” ती म्हणाली. “आणि प्रवाह वाहतोय.”

“किती?”

तिने आकडा सांगितला. दोन दशांश स्थळांपर्यंत, सावकाश. सरांनी तो पुन्हा विचारला, तिने पुन्हा सांगितला. मग ते सिंकपाशी गेले आणि नळ सोडून बराच वेळ हात धूत राहिले.

नव्या पट्टीचे काम त्या हिवाळ्यात आले. तीन किलोमीटर, अजून पृथ्वीभोवतीच, पण गुरूच्या आराखड्यासाठी. पहिल्या दिवशी सर काचेच्या खोलीच्या दाराशी आले. स्वयंपाकघरातल्या प्रेसमधला एक उजवा मोजा त्यांच्या हातात होता. मॉराने तो त्यांच्या हातातून घेतला आणि कचऱ्यात टाकला.

“उघड्या पाकिटातला चालत नाही. तुमचाच नियम.”

“नवाच आहे तो.”

तिने बंद पाकीट फाडून जोडी पुढे केली. त्यांनी आधी डावा घातला. उजवा घालायला वेळ लागला. अंगठा नीट बसेना, तिने ओढून बसवला. ते यंत्रापाशी गेले. पट्टी चिमटीत धरली, हातभर सरकवली आणि थांबले.

“काही ऐकू येऊन नाही राहिलं,” ते मराठीत म्हणाले.

मॉराने माझ्याकडे पाहिले. मी अर्थ सांगितला. तिने दिवा ओढून पट्टीच्या अगदी जवळ आणला.

“मग बघा,” ती म्हणाली.

त्यांनी चष्मा वर सरकवला आणि वाकले.